बाधित व्यक्ती : निरंक

नाशिकहून तासाभराच्या वाटेवर, द्राक्षबागांच्या मधोमध, एक नगरपरिषदेचं गाव आहे. नाव लिहीत नाही. प्रकरण अजून शासनदरबारी आहे आणि दोन्ही बाजूंच्या माणसांना रोज एकाच बाजारातून भाजी घ्यायची आहे. माझी थोरली बहीण त्या गावात दिली आहे, म्हणून मी यात पडलो. मी राहतो नाशिकला, इंदिरानगरात. सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेली. विकास आराखड्याचा, म्हणजे गावातली कुठली जागा कशासाठी वापरायची ते ठरवणारा, नकाशा मला वाचता येतो, एवढंच माझं भांडवल.

प्रकरण दोन ओळींत सांगता येईल. मंजूर विकास आराखड्यात सुमारे सव्वा एकराची एक जागा 'खेळाचे मैदान' म्हणून आरक्षित होती आणि नगरपरिषदेच्या ताब्यातही होती. ते आरक्षण बदलून तिथे व्यापारी संकुल, म्हणजे दुकानांचे गाळे, करण्याचा फेरबदल नगरपरिषदेनं काढला. लोकांनी हरकती घेतल्या, सुनावणी झाली आणि 'हरकतींमध्ये तथ्य आढळून येत नाही' असा शेरा तयार झाला. तो शेरा लोकांनी कसा परतवला, ते पुढे सविस्तर लिहितो, कारण आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी छोट्या गावांवर ही वेळ येणार आहे.

वसुबारसेच्या संध्याकाळी अक्काचा फोन आला. "अरे, आपल्या मैदानावर गाळे होणार म्हणे. नोटीस लागलीय म्हणतात. तू येऊन बघ ना एकदा." दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. नगरपरिषदेच्या जिन्याखाली काचेची कुलूपबंद पेटी आहे, तोच सूचना फलक. आत कागदांवर कागद टाचलेले. आमची नोटीस टाकी धुण्याच्या निविदेखाली होती. वरच्या चार ओळी दिसत होत्या, आरक्षण क्रमांक आणि गट नंबर मात्र निविदेनं झाकले होते. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई रजेवर. शेवटी आवक-जावक टेबलावरच्या बाईंनी फाइलमधली प्रत दाखवली. त्या सज्जन होत्या, हे मुद्दाम लिहितो.

प्रतीला नकाशा जोडलेला होता, तोही काळा-पांढरा. आराखड्याच्या नकाशात रंग हीच भाषा असते. पिवळा म्हणजे रहिवास, निळा म्हणजे वाणिज्य, हिरवा म्हणजे बाग-मैदान. झेरॉक्समध्ये या तिन्हींची एकच राखाडी झाली होती. अक्का चष्मा पुसून पुसून बघत होती. "यात हिरवं कुठलं रे?" हाच प्रश्न मी पुढे लेखी हरकतीत पहिला मुद्दा म्हणून घातला. जो नकाशा तीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाला भिंग लावून वाचावा लागतो, त्याच्यावर गावानं मत कसं द्यायचं?

आता तारखांचं गणित. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ३७ खाली मंजूर आराखड्यात फेरबदल करता येतो, पण त्या फेरबदलानं आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. राजपत्रात नोटीस द्यावी लागते, त्या तारखेपासून एक महिन्याच्या आत कोणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतो. आमच्या नोटिशीचे एकवीस दिवस तोवर उलटून गेले होते. उरलेल्या नऊ दिवसांत दिवाळी, शनिवार आणि रविवार वजा केले तर कार्यालय उघडं असणारे दिवस तीन.

आणि गेलेले एकवीस दिवस कुठले? नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ऑक्टोबर छाटणीचे. घरातलं प्रत्येक माणूस बागेत, मजुरांची टोळी मिळवायची धावपळ, छाटणी उरकली की पेस्ट लावायची, पाऊस आला तर डावणी रोगाची भीती. या दिवसांत कोणी नगरपरिषदेच्या जिन्याखाली वाकून बघत नाही. हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, कारण त्याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण गाव कधी मोकळं असतं आणि कधी नसतं हे गावच्या नगरपरिषदेला ठाऊक असतंच, आणि तिनं ते ध्यानात घ्यायला हवं होतं.

दुसरी गोष्ट याहून मोठी. त्या वेळी नगरपरिषदेवर प्रशासक होते. निवडणुका लांबल्यामुळे २०२२ च्या आसपास राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा आणि महापालिका प्रशासकांच्या हाती गेल्या आणि कित्येक वर्षं तशाच राहिल्या. एरवी असा विषय सर्वसाधारण सभेत येतो, कोणीतरी नगरसेवक उठून बोलतो, चार वर्तमानपत्रांत छापून येतं. इथे ठराव मांडणारे, मंजूर करणारे आणि अमलात आणणारे एकच. अशा काळात गावाला बोलायला जागा उरते ती हरकतीच्या त्या एका महिन्यात. म्हणून त्या महिन्याची किंमत नेहमीपेक्षा जास्त होती, आणि म्हणूनच ती सुनावणी उरकून टाकलेली पाहून मला इतका राग आला.

नगरपरिषदेची बाजूही मांडतो. रस्त्याकडेला बसणाऱ्या विक्रेत्यांना पक्की जागा हवी आहे, हे खरं आहे. गाळ्यांच्या लिलावातून आणि भाड्यातून कायमचं उत्पन्न येतं. पाणीपट्टी आणि घरपट्टीवर गाव चालत नाही, बाकी सगळं शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसणं. मैदान म्हणाल तर पावसाळ्यात तिथे चिखल आणि उन्हाळ्यात लग्नाचे मांडव. 'मोकळीच जागा पडून आहे' असं कार्यालयात बसलेल्या माणसाला वाटू शकतं. पण त्या जागेला लागून असलेल्या शाळेला स्वतःचं मैदान नाही. तिथली पोरं कबड्डी, खो-खो आणि पंधरा ऑगस्टची कवायत याच मातीत करतात. दुसरं मैदान महामार्गापलीकडे आहे. ही गोष्ट फाइलमध्ये कुठेच नव्हती.

तीन दिवसांत जे जमलं ते केलं, आणि त्यात आमच्याही चुका झाल्या. तरुण मुलांनी उत्साहानं एकच मजकूर टाइप करून त्याच्या प्रती वाटल्या आणि खाली सह्या घेतल्या. एकूण ४१ हरकती गेल्या, त्यातल्या ३६ शब्दन् शब्द सारख्या. अहवालात त्यांची नोंद 'समान आशयाच्या' अशी एका ओळीत झाली आणि त्या छत्तीस माणसांचं म्हणणं एका माणसाचं झालं. दोघा-तिघांनी त्या छापील मजकुराखाली भ्रष्टाचाराचे आरोपही लिहिले. त्यांचा संताप मला समजतो, पण नियोजनाच्या हरकतीत आरोप लिहिला की अधिकाऱ्याला मूळ मुद्दा बाजूला ठेवायला निमित्त मिळतं.

उरलेल्या पाच हरकतींनी काम केलं. शाळेतल्या बाईंनी वर्गवार पटसंख्या आणि खेळाच्या तासांचं वेळापत्रक जोडलं. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी, त्यांना सगळे नाना म्हणतात, गाळ्यांसाठी दुसरी जागा सुचवली. बसस्थानकाजवळचं नगरपरिषदेचंच जुनं गोदाम पडकं झालं आहे. अक्कानं स्वतःच्या हातानं लिहिलं की संध्याकाळी बायका त्या मैदानावर चालतात, रस्त्यावर डंपर असतात आणि मागच्या वर्षी तिच्या शेजारणीला धक्का लागला होता. मी नकाशाचा आणि कलम ३७ चा मुद्दा घातला: गावात खेळासाठी जागाच दोन, त्यातली एक काढली तर आराखड्याचं स्वरूप बदलत नाही असं म्हणता येईल का? प्रत्येकानं गट नंबर, आरक्षण क्रमांक, आपण कसे बाधित होतो आणि आपल्याला समक्ष म्हणणं मांडायचं आहे हे लिहिलं. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. तो गोल शिक्का नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

सुनावणी महिनाभरानं झाली, कामाच्या दिवशी सकाळी अकराला. शाळेतल्या बाईंना अर्धी रजा टाकावी लागली. सभागृहात मोठी खुर्ची रिकामी, मुख्याधिकारी बैठकीला गेले होते. एक अभियंता आणि एक लिपिक. नाव पुकारायचं, माणूस उभा राहायचा, लिपिक एक ओळ लिहायचा. अक्कानं सांगायला सुरुवात केली, तर अभियंता म्हणाले, "मावशी, तुमचं लेखी आलंय ना, मग झालं." नानांनी गोदामाच्या जागेचा विषय काढला, तेव्हा उत्तर आलं की तो या फेरबदलाचा विषय नाही. दीड तासात ४१ हरकती संपल्या. बाहेर नाना नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "पोस्टात मनीऑर्डर घेतानासुद्धा आम्ही माणसाच्या तोंडाकडे बघायचो."

इथे सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल आठवतो, गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या खटल्यातला, १९५८ सालचा. आंध्रातल्या बस वाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणाचं प्रकरण होतं. हरकती ऐकल्या खात्याच्या सचिवांनी आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्यांनी. एकानं ऐकायचं आणि दुसऱ्यानं ठरवायचं, अशानं समक्ष सुनावणीला अर्थ उरत नाही, असं न्यायालयानं सांगितलं. हा मुद्दा प्रत्येक प्रकरणात जसाच्या तसा टिकतो असं नाही. कार्यालयाच्या वतीनं एखाद्या अधिकाऱ्यानं ऐकून अहवाल देणं न्यायालयांनी कित्येकदा मान्यही केलं आहे. पण ऐकलेलं ठरवणाऱ्यापर्यंत पोचलं पाहिजे. आमच्याकडे ते पोचलं का, हे बघायला फाइल हवी होती.

संपूर्ण आराखडा तयार होतो तेव्हा कलम २८ खाली नियोजन समिती बसते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत जाणकार हरकती ऐकतात. नाशिक शहराचा सुधारित आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला, त्याआधी अशाच हरकतींवरून शहर ढवळून निघालं होतं. कलम ३७ च्या फेरबदलाला मात्र अशी समिती नाही. प्रस्ताव मांडतो तोच हरकत ऐकतो. म्हणून 'किरकोळ फेरबदल' हा शब्द ऐकला की मी सावध होतो. मैदानं, बागा, शाळांच्या जागा बहुतेक वेळा या वाटेनं जातात, एकेक करून, आवाज न होता. शहरात निदान कॅमेरे पोचतात. २०२५ च्या नोव्हेंबरात तपोवनातल्या झाडांच्या तोडीविरुद्ध शेकडो नाशिककरांनी हरकती नोंदवल्या आणि राज्यभर ते दिसलं. आमच्या ४१ हरकती बघायला कोणी येणार नव्हतं.

फाइल बघायला माहिती अधिकाराचा अर्ज केला असता तर ३० दिवस गेले असते, आणि तोवर प्रस्ताव मंत्रालयात पोचला असता. पण एक सोय फार कमी लोकांना ठाऊक आहे. २०१८ च्या एका शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक संस्था यांच्याकडचे अभिलेख नागरिकांना दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत पाहता येतात. आम्ही तिघं, म्हणजे नाना, शाळेतल्या बाईंचे यजमान आणि मी, शासन निर्णयाची प्रत हातात घेऊन सोमवारी तीनला हजर. लिपिक आधी म्हणाला, "साहेबांना विचारावं लागेल." पावणेचारला फाइल टेबलावर आली.

हिरव्या टॅगनं बांधलेली, फार जाड नसलेली फाइल. पहिली वीसेक पानं ठराव आणि पत्रव्यवहार. मग एक पान, वर ठळक अक्षरात 'बाधित व्यक्तींची यादी', तक्ता आखलेला: अनुक्रमांक, नाव, पत्ता, नोटीस बजावल्याचा दिनांक. तक्ता रिकामा. खाली शाईनं लिहिलं होतं, 'जागा नगरपरिषदेच्या मालकीची असल्याने बाधित व्यक्ती : निरंक.' नानांनी ते पान माझ्याकडे सरकवलं आणि बोट त्या शब्दावर ठेवलं.

कलम ३७ मध्ये दोन वेगळी कर्तव्यं आहेत. एक, राजपत्रात जाहीर नोटीस. दुसरं, फेरबदलानं बाधित होणाऱ्या सर्व व्यक्तींवर नोटीस बजावणं आणि त्यांना सुनावणी देणं. नगरपरिषदेनं बाधित म्हणजे जमिनीचा मालक असा अर्थ लावला आणि मालक आपणच, म्हणून यादी निरंक. पण मैदानाला लागून असलेली शाळा? समोरच्या गल्लीतली घरं? बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी इस्पितळाला दिली गेली, तेव्हा शेजारच्या रहिवाशांनी दाद मागितली. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप रद्द ठरवलं, आणि उद्यान गेल्याची झळ ज्यांना बसते त्या परिसरातल्या रहिवाशांचा तक्रारीचा हक्क स्पष्टपणे मान्य केला. आमच्या हातातल्या कागदाचं उत्तर त्या निकालात होतं.

पुढे आणखी एक पान निघालं. शासनाला पाठवायच्या प्रस्तावाचा मसुदा. त्यात तो शेरा, 'प्राप्त हरकतींमध्ये तथ्य आढळून येत नाही.' मसुद्याखाली टिपणी लिहिणाऱ्याची सही आणि तारीख. ती तारीख सुनावणीच्या दोन दिवस आधीची होती.

आम्ही आरडाओरडा केला नाही. दोन्ही पानांच्या साक्षांकित प्रती मागितल्या, पानाला २ रुपये भरून.

त्या रात्री अक्काच्या ओसरीवर तीसेक माणसं जमली. कोणी म्हणालं मोर्चा काढू, कोणी म्हणालं आमदारांकडे जाऊ, एका तरुणाला तो तारखेचा कागद लगेच सगळ्या ग्रुपवर टाकायचा होता. मी विरोध केला, आणि आजही मला ते बरोबर वाटतं. तो कागद गावभर फिरला असता तर एका लिपिकाची मान गेली असती, आणि चूक झाली कुठे हे विचारायचं राहून गेलं असतं. दुसऱ्या दिवशी नाशिकला जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयाच्या आवारात, ओळखीच्या वकिलांना भेटलो. नाशिकची रिट याचिका मुंबईला उच्च न्यायालयाच्या मूळ पीठापुढे जाते, खर्च आणि खेपा दोन्ही आल्या. ते म्हणाले, "आधी लेखी मागा. कोर्टाचा पहिला प्रश्न हाच असेल, की तुम्ही त्यांच्याकडे मागितलं होतं का."

मग दोन पानांचं निवेदन केलं. गाळे नकोत हे त्यात कुठेही लिहिलं नाही, यावर ओसरीवर पुन्हा वाद झाला. मागणी एवढीच होती: बाधितांची यादी नव्यानं करा, रंगीत नकाशासह नोटीस पुन्हा द्या आणि जो ठरवणार आहे त्याच्यापुढे सुनावणी घ्या, तोवर प्रस्ताव शासनाला पाठवू नका. सोबत ती दोन पानं. एक प्रत प्रशासकांना, एक नाशिकच्या नगररचना कार्यालयाला, एक मंत्रालयात नगरविकास विभागाला. प्रकल्पावर भांडलो असतो तर ते मतभेद ठरले असते. प्रक्रियेवर बोट ठेवल्यावर उत्तर देणं त्यांना भाग होतं, कारण त्यांच्याच फाइलमधलं पान त्यांच्यासमोर होतं.

सहा आठवडे काहीच आलं नाही. ते दिवस वाईट गेले. लोक तुटत जातात, सह्या करणारे रस्ता बदलतात. बागांमध्ये मणी धरले होते आणि सगळ्यांचं लक्ष परत तिकडे. मग एका दुपारी अक्कानं फोनवर पत्र वाचून दाखवलं. आधीची कार्यवाही 'तांत्रिक कारणास्तव' मागे घेऊन नव्यानं नोटीस प्रसिद्ध करण्यात येत आहे. दोन पानांतल्या एकाही मुद्द्याचा उल्लेख नव्हता. तरी आम्ही पेढे वाटले.

नवी नोटीस मैदानाच्या फाटकावर लागली, मोठ्या फ्लेक्सवर, रंगीत नकाशासह. पोरांनी शोधून काढलं की आपली खो-खोची जागा हिरवी आहे आणि प्रस्तावात निळी होणार आहे. लगतच्या घरांना आणि शाळेला हातात नोटिसा मिळाल्या. सुनावणी संध्याकाळी साडेपाचला, प्रशासक स्वतः बसले आणि साडेआठपर्यंत उठले नाहीत. या वेळी एकसारखी एकही हरकत नव्हती, ती शिस्त नानांनी लावली होती. गोदामाच्या जागेबद्दल प्रशासकांनी अभियंत्याला तिथेच विचारलं, आणि ती जागा कोणी मोजलेलीच नाही असं निघालं. अक्का चार मिनिटं बोलली. मी घड्याळ लावलं होतं.

शेवटी जो प्रस्ताव शासनाकडे गेला त्यात मैदान पूर्ण जात नाही. रस्त्याकडेची एक पट्टी गाळ्यांना, बाकी जागेवर मैदान कायम. गोदामाचा पर्याय 'स्वतंत्रपणे तपासण्यात येईल'. मला ही तडजोड पसंत नाही. पट्टी गेली की शाळेचं फाटक रस्त्याला न उघडता गाळ्यांच्या मागच्या बोळात उघडणार, हे मी सुनावणीत नकाशावर दाखवलं होतं. माझ्या मुद्द्याला लेखी उत्तर आलं, की बोळाची रुंदी सहा मीटर ठेवू. मला ते पटलं नाही, आणि शासनाकडे मी पुन्हा लिहिलं आहे. पण या वेळी प्रत्येक हरकतीसमोर तिचं स्वतःचं उत्तर आहे, आणि त्या उत्तराला धरून पुढे भांडता येतं. निर्णय अजून यायचा आहे.

मधल्या एका सोमवारी आम्ही परत तीनला फाइल बघायला गेलो होतो. या वेळी अक्काही आली. बाधित व्यक्तींची यादी आता सात पानांची आहे. तिचं नाव ११२ व्या क्रमांकावर, घर क्रमांकासकट. तिनं ते दोनदा वाचलं, मग पर्स उघडून दोन रुपये काढले आणि लिपिकाला म्हणाली, "भाऊ, या पानाची मला एक प्रत द्या."